उपड्या तव्यावरचे आकाश

बाईंना कुणी वेळ विचारली, तर त्या आधी खिडकीशी जात. रात्र असेल तर मान किंचित कलती करून क्षणभर बघत आणि म्हणत, "रोहिणी समोरच्या कौलांवर टेकली. झोपा आता." दिवस असेल तर म्हणत, "आत्ता सूर्य आहे. कुणीही सांगेल." त्यांच्या भिंतीवर लंबकाचे एक घड्याळ होते, पण ते कधीचेच थांबलेले. त्याच्या काचेच्या पेटीत त्या गूळ ठेवत, कारण मुंग्यांना ती जागा अजून सापडलेली नाही असे त्यांचे म्हणणे होते. आजही कुठे जुने घड्याळ दिसले की मला आधी गुळाचा वास येतो, टोले त्यानंतर ऐकू येतात.

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या शेवटच्या मजल्यावर, गच्चीच्या जिन्याला लागून, बाईंची एकखणी खोली होती, आणि तिच्या शेजारी आमची. मुलींच्या शाळेत त्या भूगोल शिकवत. फार कोवळ्या वयात त्यांना वैधव्य आलेले, त्यामुळे कपाळ मोकळे आणि लुगडी फिक्या रंगांची. मात्र ते फिके रंग त्या निवडून आणत. एक लुगडे पहाटेच्या पूर्वेसारखे राखाडी-गुलाबी होते, एक उन्हाळ्यातल्या दुपारच्या आभाळासारखे विटके निळे. अंगाला कापराचा आणि खडूच्या भुकटीचा वास. जिना चढताना त्या प्रत्येक वळणावर थांबत. दम लागला म्हणून थांबतात असे आम्हांला वाटे. "दम नाही गं लागत," त्या म्हणत. "ह्या झरोक्यातून उत्तर दिशा दिसते. दर वळणाला थोडी जास्त."

आकाश शिकवण्याची त्यांची रीत आईला मुळीच मान्य नव्हती. संध्याकाळी चुली निवल्या की बाई दारात येऊन म्हणत, "तवे आणा." आम्ही चाळीतल्या चार-सहा मुली आपापल्या घरातले तवे घेऊन त्यांच्या खोलीत जमत असू. भाकरीच्या आचेने ते अजून कोमट असत. तवा उपडा घालायचा, म्हणजे काजळीची काळीभोर पाठ वर येई. तिच्यावर बाई धान्याचे दाणे ठेवत. चार तांदूळ म्हणजे मृगाचे चार पाय. त्यांच्या मधोमध एका ओळीत आणखी तीन, तो त्याच्या पोटात रुतलेला बाण. बाण ज्या दिशेने आला त्या दिशेला ओळ वाढवत नेली की व्याध. त्याला साबुदाणा, कारण सगळ्या आभाळात त्याच्याइतके तेज दुसऱ्या कुठल्याही ताऱ्याचे नाही. तीच ओळ उलट्या बाजूला नेली की रोहिणी. ती तांबूस, म्हणून तिला तुरीची डाळ. आणि रोहिणीच्या पलीकडे कृत्तिका, तिला चिमूटभर खसखस.

"आता सांगा," बाई विचारत, "पूर्व कुठे?"

आम्ही नकाशातल्यासारखी उजवीकडे दाखवत असू.

"चूक. जमिनीचा नकाशा आपण वरून वाकून बघतो. आकाश कुठून बघतो?"

"खालून."

"मग तव्याखाली जा."

आणि खरोखर त्या एकेकीला जमिनीवर उताणे निजवून तवा तिच्या डोळ्यांवर, हातभर उंच धरत. दाणे अर्थातच ओघळत. कुणाच्या केसांत रोहिणी जाई, कुणाच्या गळ्यात व्याध. पण त्या निमिषभरात उजवे-डावे कसे उलटते ते अंगाला कळून जाई, आणि ते पुन्हा कधी विसरायला होत नसे. घरी गेल्यावर वेणी विंचरताना आई तांदूळ वेचत पुटपुटे, "डोक्यात विद्या घालायची म्हणजे अशी घालायची का?"

तवे धुवायला ठेवले की गच्ची. तिथे सांडगे-पापडांचा खारट वास असे, दिवसभर तापलेल्या गिलाव्याची ऊब पायांना लागे, आणि चौपाटीकडून येणारा वारा ओठांवर मिठाची चव ठेवून जाई. बाई बोट कधी दाखवत नसत. बोटाच्या टोकाला ज्याला जे हवे ते दिसते, असे त्या म्हणत. त्यांचे माप मूठ. हात ताठ पुढे धरायचा, मूठ वळायची, एक डोळा मिटायचा. "पाण्याच्या टाकीपासून वर दोन मुठी. तिथून डावीकडे एक. काय आहे?" आपण सांगायचे. आणि सांगण्याचा एकच नियम होता, दिसल्याशिवाय दिसलं म्हणायचं नाही.

ह्या नियमाची त्यांची चाळण फार बारीक होती. कुणी घाईने "हो हो, दिसली" म्हटले की त्या लगेच विचारत, "रंग कोणता? थरथरते आहे की शांत आहे? शेजारीण कोण?" शेजारीण सांगता आली नाही की त्या मुलीच्या डोक्यावर हलकी टपली बसे. उलट "नाही दिसली" म्हणणारीवर त्यांचा विशेष लोभ. माझी ताई अशी. मान मोडेपर्यंत बघत राहायची आणि शेवटी शांतपणे म्हणायची, "नाही, बाई." मग बाई तिच्या मागे उभ्या राहत, तिच्या हनुवटीला दोन बोटांनी आधार देत, आणि तारा हाती लागेपर्यंत तिला सोडत नसत. ताईला सप्तर्षी दाखवायला त्यांना बरेच दिवस लागले. दिसले तेव्हा मात्र तिने वसिष्ठाच्या कुशीतली ती बारीकशी अरुंधतीही आपणहून ओळखली. बाई एवढेच म्हणाल्या, "डोळा तयार झाला."

हा नियम कुठून आला ते एकदा त्यांनीच सांगितले, पापड उलटता उलटता, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसे. "माझं लग्न भर दुपारी लागलं. भटजींनी मांडवाच्या कापडाकडे हात केला आणि म्हणाले, ती बघ अरुंधती. मी कापडावरचा तेलाचा डाग बघितला आणि म्हटलं, दिसली. सगळे खूश. माणूस वर्षभरही राहिला नाही. त्याचा आणि ह्याचा काही संबंध नाही हे मला तेव्हाही कळत होतं. पण पुढे रिकाम्या रात्री फार झाल्या. म्हटलं, निदान बघून तरी घेऊ, आपण काय दिसली म्हणालो ते." एवढे बोलून त्यांनी विचारले, "हा पापड अजून ओला वाटतो का गं?"

ती संयुक्त महाराष्ट्राची वर्षे होती. शाळेच्या फाटकावर घोषणा, भिंतींवर गेरूची अक्षरे, शिवाजी पार्कवरच्या सभांहून बाबा परत येत तेव्हा घसा बसलेला असे. बाई वर्गात नकाशा काढून घेत तेव्हा बजावत, "नद्या शाईने काढा, डोंगर शाईने काढा. राज्याच्या सीमा पेन्सिलीने. त्या अजून बाहेर रस्त्यावर ठरताहेत." मुख्याध्यापिकांनी ह्यावरून त्यांना बोलावून घेतले. परत येऊन त्यांनी आम्हांला फक्त पेन्सिलींना नीट टोके करायला सांगितले.

मग त्या हिवाळ्यात कर्फ्यू लागला. सकाळी रस्त्यावर एकेकट्या चपला पडलेल्या दिसत. त्यांतली जोडी शोधायला कुणी धजत नसे. ज्या दिवशी पलीकडच्या गल्लीतला एक तरुण गोळी लागून गेला, त्या संध्याकाळी बाईंनी तवे मागवले नाहीत. आम्हांला गच्चीवर नेले आणि काहीच शिकवले नाही. आम्ही कठड्याला टेकून उभ्या राहिलो, आणि खालच्या एका खोलीतून येणारे रडे थांबेपर्यंत कुणी वर बघितले नाही.

दगडफेकीत रस्त्यावरचे दिवे फुटले होते. ते पुढे कितीतरी दिवस बसवले गेले नाहीत, आणि आमच्या गल्लीवर कधी नव्हे एवढे आकाश उतरले. बाईंना त्याचा आनंद होई आणि आनंद झाल्याची लाजही वाटे. "दिवे लागायला हवेत," त्या म्हणत, "बायका-माणसांना जायचं-यायचं असतं. तोवर कृत्तिका मोजून घ्या." एकदा खालून एका शिपायाचा दरडावणीचा आवाज आला.

"ए, वर कोन हाय?"

"आम्ही," बाई कठड्यावरून म्हणाल्या. "मृग बघतोय."

"कर्फ्यू लागलाय, ठावं न्हाई?"

"रस्त्याला लागलाय. आम्ही गच्चीवर आहोत."

मग आवाज मवाळ होऊन आला, "मिरग? कुठं दिसतोय?"

"तुमच्या डोक्यावर. मान पार मागे टाका आणि टोपी धरून ठेवा."

"आमच्याकडं ह्याच्यावर पेरणी करत्यात."

"पेरणीच्या दिवसांत तो दिसत नाही. सूर्याच्या मांडीवर बसलेला असतो. आत्ता बघून घ्या, गावी सांगाल."

शिपाई बराच वेळ वर बघत उभा होता. त्याच्या टोपीचा पिवळा काठ अंधारात हळूहळू मागे कलताना आम्ही कठड्यावरून पाहिला.

ताईचे लग्न ह्याच धामधुमीत ठरले होते. पौष गेला, कर्फ्यू उठला, आणि माघ वद्यातला मुहूर्त धरला गेला. कार्यालयाचा बेत सोडून मांडव चाळीच्या अंगणातच पडला. मुलाकडची मंडळी परळची. मुलगा एका कचेरीत नोकरीला, शांत, चष्मेवाला. त्याला आई नव्हती. त्याच्या सवाष्ण आत्याबाईंनी त्याला लहानाचा मोठा केला होता, आणि त्यांचा शब्द त्या घरात शेवटचा. ठसठशीत कुंकू, नाकात मोत्यांची नथ, आणि बोलणे असे की समोरच्याचे उत्तर त्यातच येऊन जावे. याद्या करायला आल्या तेव्हा त्यांनी आईला बाजूला घेऊन सांगितले होते, "तुमच्या शेजारच्या शिक्षिका. माणूस चांगलं असेल. पण विधी चालू असताना समोर नसाव्यात. राग मानू नका, एकुलता एक आहे."

आईने हे बाईंना सांगायचे टाळले. त्याची गरजही नव्हती. चाळीत कुणाचेही लग्न असले की बाई आदल्या दिवशी आहेर देत आणि त्या दिवशी दार लावून घेत. ताईने मात्र मेंदी लागलेल्या हातांनी त्यांचे दार ठोठावले होते. आत काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. ती परत आली तेव्हा तिच्या हनुवटीवर खडूची बोटे उमटली होती.

लग्न गोरज मुहूर्तावर लागले. होम झाला, सप्तपदी झाली. धुराने सगळ्यांचे डोळे लाल, झेंडूच्या माळा कोमेजून अधिकच कडवट वासाच्या झालेल्या. मंडळींना परळला परतायचे होते आणि रस्ते काळोखे, म्हणून आत्याबाई घाई करत होत्या. अंधार पुरता पडताच गुरुजींनी नवरा-नवरीला अंगणाच्या कडेला आणले. आमच्याकडे बहुतेक लग्नांत ही गोष्ट चुटकीसरशी आटपते. गुरुजी उत्तरेकडे हात करतात, दिसली का विचारतात, दोघे दिसली म्हणतात, आणि सगळे जेवायला वळतात. गुरुजींनी हात केला.

"ती ध्रुवाची दिशा, आणि ती अरुंधती. पतिव्रतांमध्ये श्रेष्ठ. दिसली?"

"दिसली," नवरदेव म्हणाले.

ताई बघत राहिली. गुरुजींच्या हाताच्या रोखाने एक टपोरा पिवळसर तारा होता. ते ब्रह्महृदय आहे हे मलाही कळत होते.

"म्हण मुली, दिसली."

"नाही दिसली," ताई म्हणाली.

कुणीतरी हसले. गुरुजी समजुतीने म्हणाले, "अगं, म्हणायचं असतं."

"पण नाही दिसत, गुरुजी."

तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. गच्चीवर म्हणायची तशीच ती म्हणाली. पण आत्याबाईंचा चेहरा एकदम उतरला. त्या पुढे आल्या, ताईच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्यांचा तो ठाम आवाज खाली आला. "पुन्हा बघ. नीट बघ, पोरी. दिसली म्हण." ताईने मान हलवली. तेव्हा त्या आईकडे वळून म्हणाल्या, "ज्याला अरुंधती दिसत नाही ते माणूस सहा महिने काढत नाही, हे तुम्हांला ठाऊक नाही? आमच्या वहिनीला दिसली नव्हती. ह्याच्या आईला. आजारात एकदा गच्चीवर नेली, तर म्हणाली, वन्सं, मला दिसत नाही. मी बघितलंय ते सगळं. मी ह्या मुलीला असं घरी नेणार नाही. तारा दिसू दे, मग वरात निघेल."

मांडवात कुजबूज पसरली. आईने पदर तोंडाशी नेला. बाबा गुरुजींकडे बघू लागले आणि गुरुजी आभाळाकडे. ताईने मुंडावळ्या डोळ्यांवरून बाजूला केल्या आणि पुन्हा उत्तरेकडे बघितले. तरीही तिने शब्द बदलला नाही. एवढेच म्हणाली, "बाईंना विचारा ना."

बाबा जिना चढून गेले, मी त्यांच्या मागे. बाईंनी दार उघडले नाही. आतूनच सगळे ऐकून घेतले. मग खिडकीशी गेल्याची पावले वाजली आणि आतून आवाज आला, "दिसेल कशी? अजून वर आलेली नाही. माघात ती उशिरा येते. खाट आधी चढते, वसिष्ठ मागाहून. जेवणं उरकून घ्या. नऊच्या सुमाराला गच्चीवर या. आणि तिला सांगा, ती बरोबर बोलली."

निरोप खाली पोचला तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "वरात अंधारात अडकवायची, ती त्यांच्या शब्दावर?"

आणि तोवर गप्प असलेल्या नवरदेवांनी चष्मा पुसत म्हटले, "थांबू या, आत्या. खरं म्हणजे मलाही दिसली नव्हती."

"मग दिसली म्हणालास ते?"

"सगळेच म्हणतात, म्हणून."

गुरुजींनी घसा खाकरला. "माझ्या वडिलांनीही असाच हात केला असता," ते म्हणाले. "शास्त्रात दाखवावी म्हटलं आहे. उगवली नसेल तर काय करावं ते कुणी मला विचारलंच नव्हतं. मीही थांबतो."

पंगती बसल्या. जिलबी वाढली गेली, मठ्ठा झाला, पण कुणाचे जेवणाकडे लक्ष नव्हते. आत्याबाईंनी पानाला हात लावला नाही. जेवणे होताच सगळे वर आले. बाई आधीच तिथे होत्या, पाण्याच्या टाकीच्या मागे, कुणाच्या वाटेत येणार नाहीत अशा उभ्या. आत्याबाईंनी ते पाहिले. बाईंनी तिथूनच सांगितले, "बत्ती विझवा."

गॅसबत्तीची भणभण थांबली. आधी काहीच दिसेना. शालूंची सळसळ, अत्तर, मोगरा आणि धुराचा मिसळलेला वास, कुणाच्या तरी बांगड्या. मग खालच्या गल्लीतल्या अंधारातून जणू काही वर चढत यावे तसे तारे एकेक करून आले. त्या काळोखात कुणाच्या कपाळावर काय आहे आणि काय नाही, ते कुणालाच दिसत नव्हते. फक्त बाईंचा आवाज होता, वर्गातला, सावकाश.

"ईशान्येला तोंड करा. समोरच्या चाळीचं छप्पर. त्याच्या वर बघा, चार तारे, कोपऱ्यावर उभी केलेली खाट. गावाकडे म्हातारीची खाट म्हणतात ती हीच. तिच्या खाली लोंबणारे तीन, ते चोर. आपले अंगिरस, वसिष्ठ, मरीची. उजवा हात ताठ करा. मूठ वळा. छपरावर मूठ ठेवा. मुठीच्या जरा वर मधला तारा येईल, तो वसिष्ठ. आता त्याच्याकडे बघू नका. किंचित बाजूला बघा. नजर सैल सोडा."

गच्चीवर इतक्या मुठी एकदम वर झालेल्या मी आंदोलनाच्या त्या दिवसांतही पाहिल्या नव्हत्या, आणि इतक्या नि:शब्द तर नाहीच.

"दिसली," ताई म्हणाली.

"शेजारीण कोण?"

"वसिष्ठाला चिकटून. अगदी बारीक. आधी येते, मग जाते, मग येते."

"हो," नवरदेव म्हणाले. "हो, आहे. खरंच आहे."

गुरुजींना दिसायला थोडा वेळ लागला. दिसली तेव्हा हात जोडल्याचा बारीकसा आवाज आला. मग अंधारात सगळीकडून तो शब्द उमटू लागला, दिसली, दिसली. बाबांना दिसली, आईला दिसली, खालच्या मजल्यावरच्या आजोबांना दोन-दोन दिसल्या.

तो ओघ ओसरल्यावर ध्यानात आले की आत्याबाईंची मूठ अजून वरच आहे.

"आत्या?" नवरदेव म्हणाले.

त्यांचा हात थकून खाली आला, पुन्हा वर गेला. त्यांची नथ हलल्याचे कळत होते. मग एका अगदी लहान आवाजात, जो त्यांचा आहे हे ओळखायला मला क्षण लागला, त्या म्हणाल्या, "मला खाट दिसते. चोर दिसतात. ती नाही दिसत."

आपल्या तोंडून नुकतेच काय निघाले होते ते त्या विसरल्या नव्हत्या, आणि गच्चीवरचे कुणीच विसरले नव्हते. ताईने अंधारात त्यांचा हात चाचपला, पण त्यांनी तो आखडून घेतला.

टाकीच्या मागून पावले आली. बाई सावकाश, कठड्याला हात लावत, सगळ्यांमधून वाट काढत पुढे आल्या आणि आत्याबाईंच्या शेजारी उभ्या राहिल्या. नवरा-नवरीच्या समोर त्या आता अगदी उघड उभ्या होत्या. कुणी त्यांना अडवले नाही.

"मलाही नाही दिसत," त्या म्हणाल्या. "बरीच वर्षं झाली."

आत्याबाईंनी मान वळवली. "काय म्हणता?"

"वसिष्ठ दिसतो. तोही पुसट. ती बारीक आहे, डोळे जुने झाले की आधी तीच जाते. तुमच्या हिशेबाने मी केव्हाच जायला हवी होते. मुली वाढताहेत, मी दरवर्षी वर्ग घेते आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात."

"अहो, पण आत्ता तुम्हीच तर दाखवलीत."

"जागा ठाऊक आहे. जागा काही ती सोडत नाही. मला दिसते असं मी म्हटलं का एकदा तरी?"

आत्याबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. ताऱ्यांच्या उजेडात माणसाचा चेहरा दिसत नाही, त्याची कड तेवढी कळते. अशा दोन कडा एकमेकींसमोर होत्या, एकीची नथीची, एकीची मोकळ्या कपाळाची.

"मग इतकी वर्षं," आत्याबाईंनी विचारले, "बघता कुणाच्या डोळ्यांनी?"

"ह्यांच्या," बाई म्हणाल्या. "म्हणून तर खोटं बोलू देत नाही."

समुद्रावरून वाऱ्याची एक झुळूक आली आणि मोगऱ्याच्या गजऱ्यांना हलवून गेली. आत्याबाईंनी बाईंच्या दंडाला धरले, तोल सावरावा तसे, आणि हात तिथेच राहू दिला. मग दुसऱ्या हाताने त्यांनी ताईला जवळ ओढले. आवाज पुन्हा त्यांचा झाला होता, हुकमाचा, फक्त कड ओली.

"सूनबाई, वर बघ. घाई नाही, वरात सकाळी निघाली तरी चालेल. आम्हा दोघींच्या वाटचं नीट बघून घे."